दुरुस्ती या एका शब्दात किती कामं कोंबायची?

तुमचा प्रश्न असा होता: एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करताना मेंड, रिपेअर, डार्न, पॅच, फिक्स आणि रिस्टोर असे सहा शब्द समोर आले, आणि मराठीत सहाही ठिकाणी 'दुरुस्ती'च सुचली. मग मराठी या बाबतीत गरीब आहे का, आणि इतर भाषा काय करतात?

मी जुनी वस्त्रं सांभाळण्याचं काम करते. पैठण्या, शेले, शाली, लुगडी, कधी देवघरातला पडदा किंवा पूर्वजांचा अंगरखा. तीस वर्षांत रोज हाताखाली फाटकं कापड असल्यामुळे या शब्दांशी माझा संबंध पोटापाण्याचा आहे. उत्तर लांबणार आहे, पण मुद्दा आधीच सांगते. मराठी गरीब नाही. आपण नामं शोधतो आणि मराठीने ही संपत्ती क्रियापदांत ठेवली आहे. शिवाय ती क्रियापदं ज्या त्या कारागिराच्या ओट्यावर राहिली, छापील भाषेत फारशी आलीच नाहीत.

आपण काय काय बोलतो ते बघा. सायकलचं पंक्चर आपण *काढतो*. भांड्याचा पोचा काढतो, चाकाचा आऊट काढतो. ठिगळ आणि कल्हई *लावतो*. लुगड्याला दंड *घालतो*. पाण्याची जळालेली मोटर *भरून* आणतो. तडकलेल्या भांड्याला डाख *देतो*. गादी *पिंजून* घेतो. यातलं एकही काम 'दुरुस्त करणे' म्हणून नीट सांगता येणार नाही, कारण प्रत्येक क्रियापद बिघाडाकडे वेगळ्या नजरेनं पाहतं. काढणे म्हणजे वस्तू मुळात चांगली आहे, तिच्यात काहीतरी नको ते शिरलंय. लावणे आणि घालणे म्हणजे तिच्यातलं काहीतरी झिजून कमी झालंय, बाहेरून भर टाकावी लागेल. देणे बहुतेक आधारासाठी येतं.

आता तुमचा मेंड. हा लॅटिन 'एमेन्दारे'वरून आला आहे. 'मेन्दा' म्हणजे दोष, आणि सुरुवातीचा 'ए' म्हणजे बाहेर. दोष बाहेर काढणे. म्हणजे आपलं पंक्चर काढणेच! रोमन लोकांना जे उपसर्गानं सांगावं लागलं ते आपल्या नाक्यावरचा सायकलवाला एका साध्या क्रियापदात सांगतो. तमिळमध्ये दुरुस्तीला 'पळुदु पार्' म्हणतात. पळुदु म्हणजे दोष, पार् म्हणजे बघ. तिथे शब्द दोष बघण्यापाशीच थांबतो आणि पुढचं काम त्यात गृहीत धरलेलं असतं. मला हा शब्द फार आवडतो, कारण माझ्या कामाचा निम्मा वेळ बघण्यातच जातो. भिंगाखाली कापड धरून ताणा कुठे तुटला, बाणा कुठे तुटला, झीज घासून आली की घडीवर घडी पडून, हे कळल्याशिवाय सुई हातात घ्यायची नसते.

'दुरुस्ती'लाही कमी लेखू नका. शब्द फारसी. 'दुरुस्त'चा जुना अर्थ धड, निरोगी, पक्का. 'तंदुरुस्त' हा आपला रोजचा शब्द त्यातूनच आला: तन दुरुस्त असलेला. भाषा अभ्यासणारे त्याचं नातं संस्कृत 'ध्रुव'शी लावतात, म्हणजे जागचं न हलणारं. आणि गंमत पुढे आहे. इंग्रजीत मेंड आणि अमेंड एकाच मुळाचे, एक कापडासाठी आणि दुसरा कायद्यासाठी. मराठीत आपण शब्दही बदलला नाही. रेडिओची दुरुस्ती आणि 1951 साली झालेली पहिली घटनादुरुस्ती, दोन्हीकडे तोच शब्द. हिंदीत मात्र घटनेचं 'संशोधन' होतं. हिंदी वर्तमानपत्रातलं 'संविधान संशोधन' मराठी वाचकाला घटनेवरचा पीएचडीचा प्रबंध वाटू शकतं. अनुवादकानं हा खड्डा लक्षात ठेवावा.

आता आपल्या धंद्यांकडे. मृगाआधी कोकणात आणि घाटावर घर शाकारायचं असतं, म्हणजे छपराचं कुजलेलं गवत काढून नवं घालायचं. या कामाला दुरुस्ती म्हटलं तर काहीतरी मोडलं होतं असं वाटतं. प्रत्यक्षात काही मोडलेलं नसतं, पाऊस येणार असतो. जातं गुळगुळीत झालं की दळण नीट पडत नाही, मग पाथरवट त्याला टाकी लावून देतो. छिन्नीनं पुन्हा बारीक खड्डे पाडले की दगडाला धार येते. इथे वस्तू नीट करण्यासाठी तिच्यावर घाव घालावे लागतात. आणि कल्हई! हा शब्द कथलाच्या अरबी नावावरून आला. तांब्यापितळेचं भांडं भट्टीवर तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं आणि कापसाच्या बोळ्यानं ते आतून भराभर पसरायचं. कथील 232 अंशांना वितळतं, त्यामुळे कोळशाची शेगडी आणि भाता एवढ्यावर काम होतं. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवलं की ते *कळकतं*. बिघाडासाठी एक स्वतंत्र क्रियापद आणि त्यावरच्या उपायासाठी एक स्वतंत्र नाम, असा श्रीमंत संसार आपल्या स्वयंपाकघरात होता. स्टीलची भांडी आली आणि दोन्ही शब्द एकदमच मागे पडले.

यातल्या 'दंड' या शब्दापाशी मी थोडी थांबते, कारण तो मला एका चुकीमुळे नीट समजला.

नऊवारी लुगडं मध्ये, बसायच्या जागी आधी विरतं. टोकं धड असतात. मग विरलेला पट्टा कापून काढायचा आणि दोन धड तुकडे एकमेकांना शिवायचे. त्या जोडाला दंड म्हणतात आणि असं लुगडं म्हणजे दंडाचं लुगडं. धोतरालाही दंड घालत. दंडाचं नेसून चारचौघांत जायला बायका संकोचायच्या, म्हणून निऱ्यांत तो जोड लपेल अशी नेसण सांभाळायच्या. पंधराएक वर्षांपूर्वी एक बाई आजीचं इरकली लुगडं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "नीट करून द्या." मधला दंड ओबडधोबड होता, टाके मोठे, दोरा वेगळ्याच रंगाचा. मी तो उसवला, कडा सरळ केल्या आणि दिसणार नाही असा बारीक जोड दिला. मला काम चांगलं झालं असं वाटत होतं. त्या न्यायला आल्या, लुगडं उलगडलं, बोटानं मधली जागा चाचपली आणि विचारलं, "आजीचा दंड कुठे गेला?" तो दंड आजीनं बाहत्तरच्या दुष्काळात, खडी फोडायच्या कामावरून आल्यावर रात्री कंदिलापाशी बसून घातला होता. लुगड्याची किंमत त्या टाक्यांत होती आणि मी तेच काढून टाकले होते. आमच्या कामात उसवलेला दोरासुद्धा पाकिटात जपून ठेवतात, तेवढा मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो मुठीत धरला, पण बोलल्या काहीच नाहीत. आजही ते लुगडं आठवलं की मला वाईट वाटतं.

तेव्हापासून कुणी 'नीट करा' म्हटलं की मी विचारते: रफू हवंय, ठिगळ हवंय, जोड हवाय, की फक्त आधार? आधार देणे हे आमचं वेगळं काम आहे. फाटलेलं तसंच ठेवून खाली पातळ रेशमी कापड लावायचं आणि भोवतीनं इतके विरळ टाके घालायचे की पुढच्या माणसाला ते उसवता यावेत. त्यासाठी दोरा मूळ कापडापेक्षा कमजोर निवडतात. ताण आलाच तर नवा दोरा तुटावा, जुनं वस्त्र नाही. हे काम ना मेंड, ना रिस्टोर. मराठीत 'आधार देणे' त्याला चपखल बसतं, आणि हा शब्द मला शोधावा लागला नाही.

रफूची गोष्ट याच्या बरोबर उलट. तिथे जोड दिसला तर काम फसलं. शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. अरबीत हेच काम करणाऱ्याला 'रफ्फा' म्हणतात. दहाव्या शतकात मोसुलला अस-सरी नावाचा कवी होऊन गेला, तो तरुणपणी रफूचं काम करायचा म्हणून त्याच्या नावाला 'अर्-रफ्फा' कायमचं चिकटलं. याच धातूपासूनचा 'रिफा' म्हणजे मेळ, एकोपा. जुन्या अरबी रिवाजात नवविवाहितांना 'रिफा आणि पुत्र' लाभोत असा आशीर्वाद देत. दोन माणसं जोड दिसणार नाही अशी एकमेकांत विणली जावीत, अशी ती कल्पना. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादला आजही पश्मिना शालींचं रफू करणारी घराणी आहेत. प्रिया रवीश मेहरा या वस्त्रकलावंत 2018 साली गेल्या. त्यांनी या रफूगरांचं काम लोकांपुढे आणण्यात बरीच वर्षं घालवली. न दिसणं हेच ज्या कामाचं यश, त्याचा कारागीरही दिसेनासा होतो, हे दुखणं त्यांनी नेमकं ओळखलं होतं. काश्मिरी शालींत तर रफू हा विणकामाचाच भाग होता. एकोणिसाव्या शतकात शाल वेगवेगळ्या मागांवर तुकड्यातुकड्यांनी विणत आणि रफूगर ते तुकडे जोडून अखंड शाल बनवत. तिथे दुरुस्ती कुठे संपते आणि निर्मिती कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. स्वाहिली भाषेनं तर हा प्रश्नच मिटवून टाकला आहे. तिच्यात 'तेंगेनेझा' म्हणजे बनवणे आणि 'तेंगेनेझा' म्हणजेच दुरुस्त करणे.

रफू परका शब्द असेल तर त्याआधी आपण काय म्हणत होतो? *तुणणे*. जुन्या मराठी कोशांत तो आहे. त्याच्या मागे संस्कृत 'तुन्न' आहे, म्हणजे टोचलेलं. अमरकोशात शिंप्याला 'तुन्नवाय' म्हटलंय. लॅटिनमध्येही शिंपी तो 'सार्तोर', आणि ते नाम 'सार्सिरे' म्हणजे सांधणे, ठिगळ लावणे यावरून आलं. इटालियनमधला आजचा शिंपी, 'सार्तो', त्याच घरातला. म्हणजे लॅटिननं शिंप्याला त्याच्या सांधण्यावरून ओळखलं. नवे कपडे शिवणं त्या नावात कुठेच नाही. कापड महाग असण्याच्या काळात शिंप्याकडे काय येत असेल, हे त्या नावातच लिहिलेलं आहे.

आता जपान, कारण तुम्हीही 'किन्त्सुगी'बद्दल विचारलं आहे. फुटलेला वाडगा सोन्याच्या रेघांनी जोडायचा, हे चित्र हल्ली भाषणांत फार फिरतं. त्यात एक गैरसमज आहे. सोनं काही जोडत नाही. जोडतो तो उरुशी नावाच्या झाडाचा चीक. तो गव्हाच्या पिठात मळून तुकडे चिकटवतात, खळगे बारीक मातीच्या भुकटीत मळलेल्या चिकानं भरतात, आणि सोन्याची पूड सगळ्यात शेवटी ओल्या चिकावर भुरभुरवतात. हा चीक घट्ट व्हायला कोरडी हवा चालत नाही, दमट लागते, म्हणून वाडगा ओलसर पेटीत ठेवतात. काम आठवडे चालतं. किन् म्हणजे सोनं, त्सुगी म्हणजे जोड, आपल्या 'दंडा'इतकं साधं नाव. मला जास्त मोह पडतो तो त्याच्या भावंडांचा. 'योबित्सुगी' म्हणजे हाक मारून आणलेला जोड. हरवलेल्या तुकड्याच्या जागी दुसऱ्याच भांड्याचा तुकडा बोलावून बसवायचा. 'त्सुकुरोउ' म्हणजे सांधणे, आणि त्यातूनच वरवर सावरून नेणं, बाह्य रूप राखणं असाही अर्थ निघतो. आपल्या 'डागडुजी'लाही असा थोडा संशयाचा वास आहेच.

टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात तेराव्या शतकातला एक चिनी हिरवट वाडगा आहे, 'बाकोहान' नावाचा. तो शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, आशिकागा योशिमासाकडे होता. त्याला तडा गेला तेव्हा त्यानं तो चीनला पाठवला आणि असाच दुसरा मागवला, अशी कथा आहे. असा वाडगा आता होणे नाही, असा निरोप आला, आणि तोच वाडगा स्टेपलच्या पिनांसारखे धातूचे टाके मारून परत आला. टाके टोळांसारखे दिसतात म्हणून हे नाव. पुढे टाक्यांमुळेच त्याची कीर्ती वाढली. चीनमध्ये भांड्याला असे टाके घालण्याला 'ज्यूत्स' म्हणतात आणि त्या धंद्यातून आलेली म्हण तिथे घरोघरी बोलतात: हिऱ्याचं गिरमिट नसेल तर चिनीमातीचं काम अंगावर घेऊ नकोस. भोक पाडताना भांडं फुटलं तर काय, ही धास्ती ज्यानं अनुभवली त्यानंच ती म्हण केली असणार.

वस्तू आणि शरीर यांच्यासाठी एकच शब्द वापरणाऱ्या भाषा पुष्कळ आहेत. जपानीत 'नाओसु' उच्चारलं की घड्याळ दुरुस्त होतं आणि आजारी माणूस बराही होतो. लिहिताना फक्त चिन्ह बदलतं. बंगालीत 'सारानो'चं तसंच, तेलुगूत 'बागु चेयु'चंही. मराठीत आपण माणूस 'बरा' करतो आणि पंखा 'दुरुस्त', ही वाटणी आपण कडकपणे पाळतो. तरी तंदुरुस्तीत जुनं नातं शिल्लक आहेच. अरबीतला 'जब्र' याहून नवलाचा. त्याचा अर्थ मोडलेलं हाड बसवणे. इसवी सन 820च्या सुमारास अल-ख्वारिज्मीनं आपल्या गणिताच्या ग्रंथाच्या नावात हाच शब्द घातला, कारण समीकरणात वजा झालेलं पद पुन्हा जागेवर आणणं हेही त्याच्या दृष्टीनं सांधणंच होतं. त्यातून अल्जिब्रा आला. स्पॅनिशमध्ये हाडवैद्याला 'अल्जेब्रिस्ता' म्हणत. आणि हाड बसवताना जोर लावावा लागतो, म्हणून त्याच धातूचा दुसरा अर्थ बळ, सक्ती.

आपल्याकडे शरीराच्या जोडासाठी 'संधान' होतं. सुश्रुतसंहितेत कानाची पाळी सांधण्याच्या पंधरा तऱ्हा सांगितल्या आहेत. ते ज्ञान हातोहात किती टिकलं याचा पुरावा पुण्याजवळचा आहे. टिपूविरुद्धच्या 1792च्या लढाईत इंग्रजी फौजेचे बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या मराठी माणसाचं नाक टिपूच्या कैदेत कापलं गेलं. पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीच्या एका माणसानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक दिलं, आणि त्याचं वर्णन ऑक्टोबर 1794मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आलं. कपाळाचं कातडं एका बाजूनं जिवंत ठेवून खाली ओढायचं, हा कारागिराचा विचार आहे. रफू करताना आम्ही दोरा त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून काढतो, म्हणजे रंग आणि पीळ जुळतो. ते वर्णन वाचताना मला त्याचीच आठवण झाली.

काही शब्द नुसते ऐकायलाही छान आहेत. गुजरातीत दुरुस्ती म्हणजे 'समारकाम', आणि 'समारवुं' म्हणजे भाजी निवडून चिरणंसुद्धा. रशियन 'रेमोंत' फ्रेंचमधून आला, आणि तिथे तो घोडदळाला ताजे घोडे पुरवण्याचा शब्द होता. 'मरम्मत' अरबी, आणि तिच्या धातूत विलक्षण विरोध आहे. तोच धातू दुरुस्त करण्याचा आणि तोच हाडं कुजून जीर्ण होण्याचा. कुजणं आणि सावरणं एकाच शब्दात पाहणाऱ्यांनी घरं पडताना आणि पुन्हा उभी राहताना जवळून पाहिली असावीत.

आता तुमचे सहा शब्द. रिपेअरला दुरुस्ती ठेवा, तिथे ती योग्यच आहे. फिक्सचं मूळ घट्ट बसवणे, म्हणून खिळा, बिजागरी, नळ असेल तर 'बसवून देणे'. यंत्र असेल तर 'चालू करून देणे'. पॅचला ठिगळ म्हणायला लाजू नका. वर्तमानपत्रांनी 'ठिगळं लावली' म्हणत या शब्दाला शिवी करून टाकलंय, पण गोधडी शिवणाऱ्या बाईच्या तोंडी तो अजून मानाचा आहे. डार्न जर लोकरीच्या मोज्याचं असेल तर ते जाडजूड, दिसणारं काम आहे. त्याला रफू म्हटलं तर वाचकाच्या डोळ्यांपुढे अदृश्य जोड येईल. तिथे तुणणे परत आणा, एकदा संदर्भात आलं की वाचकाला कळतं. रिस्टोर देवळाचं असेल तर जीर्णोद्धार. अहिल्याबाई होळकरांचं नाव घेतलं की हाच शब्द येतो, आणि त्यात पाडून नव्यानं बांधणंही बसतं. संग्रहालयातल्या वस्तूला मात्र तो लावू नका, तिथे आम्ही काही नव्यानं बांधत नाही.

राहिला मेंड. तुमच्या लेखातलं वाक्य दोन बहिणींच्या भांडणाबद्दल आहे. फ्रेंच माणसानं तिथे 'राकोमोदे' वापरलं असतं. त्यात सदरा सांधणंही येतं आणि रुसवा मिटवणंही. तुम्हाला समेट सुचेल, पण तो तिसऱ्यानं घडवून आणलेला वाटतो, पंचांसमोर बसून केल्यासारखा. दिलजमाई बरी, तरी तीही चार लोकांत होते. त्या दोघी तर स्वयंपाकघरात, न बोलता, एकीनं निवडलेल्या शेंगा दुसरीच्या परातीत टाकत होत्या. मी असते तर लिहिलं असतं, "त्यांनी पुन्हा सांधून घेतलं."